इंदूताईला गढीवर नेलं तेव्हा

इंदूताईला दाखवायला गढीवर न्यायचं, ही कल्पना मामाची. त्या काळी आमच्याकडे मुलगी दाखवायची म्हणजे पाहुणे घरी यायचे, सतरंजी अंथरली जायची, पोह्यांवर शेव पडायची आणि मुलीला सगळ्यांच्या पाया पडून, खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून दाखवावं लागायचं. मुलगा नंदुरबारला बँकेत होता, शिकलेला होता, आणि त्याला म्हणे हे सगळं पटत नव्हतं. कुठंतरी बाहेर भेटू, असं तो मामाजवळ बोलला आणि मामाला लगेच गढी सुचली. "आते घरमा पोर दखाडानी रीत ऱ्हायनी नही, बाई," मामा मायला सांगत होता. "बँकवाला पोऱ्या शे, त्याले बाहेरच भेटनं शे." ती गढी जुन्या संस्थानिकांची. घराणं केव्हाच बडोद्याकडे निघून गेलेलं, आणि गावातल्या काही हौशी माणसांनी तिच्या माडीवर नुकतंच शहराच्या इतिहासाचं संग्रहालय मांडलेलं. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. या गोष्टीतली दुसऱ्या बाजूची माणसं अजून त्या भागात आहेत, त्यांच्या घरात आता सुना-नातसुना आहेत.

मामाचं ऐकून माय इतकी खूश झाली, की तिनं त्याला पुन्हा चहा केला. त्या खुशीचं कारण मुलाचं शिक्षण नव्हतं. पाहुणे घरी आले असते तर ताईला अनवाणी पुढं यावं लागलं असतं. बाहेर, माघाच्या थंडीत, पायात मोजे घातले तर कोणी काही म्हणत नाही. ताईच्या डाव्या पायावर कोड होतं.

आम्ही शहाद्याजवळ साखर कारखान्याच्या वसाहतीत राहायचो. शेती कळसाडीला, काकांकडे. अण्णा, म्हणजे माझे वडील, कारखान्याच्या शेतकी खात्यात. ऊस कुठं केवढा वाढला, तोड कधी लावायची, हे बघत ते दिवसभर गावोगाव फिरायचे आणि घरी आले की बोलणं संपल्यासारखे गप्प बसायचे. वसाहतीतलं आयुष्य भोंग्यावर चालायचं. भोंगा झाला की पुरुष घराबाहेर पडायचे, भोंगा झाला की बायका चुली पेटवायच्या. गाळप सुरू झालं की मळीचा आंबूस-गोड वास अंथरुणात, केसांत, भाकरीच्या पिठातसुद्धा शिरायचा, आणि चिमणीतून उडालेली काजळी दोरीवरच्या कपड्यांवर काळ्या भुरभुरीसारखी येऊन बसायची. बायका कपडे झटकताना एकमेकींशी बोलायच्या. झटकण्याचा तो फटफट आवाज आणि त्यात मिसळलेली अहिराणी ही माझ्या लहानपणाची दुपार. ताईचे मोजे मात्र त्या दोरीवर कधी गेले नाहीत. ते आतल्या खोलीत, दाराच्या मागं खिळ्यावर वाळायचे. एवढे मोजे का, असं कोणी विचारू नये म्हणून.

सुरुवात घोट्याजवळच्या तांदळाएवढ्या ठिपक्यापासून झाली होती. ताई तेव्हा मॅट्रिकला होती. पुढं ते पावलावर पसरलं, आणि कॉलेजात जायला लागली तोवर डाव्या पावलाचा वरचा भाग दुधासारखा झाला. आता कोणीही डॉक्टर सांगतो, की त्वचेचा रंग जातो, एवढंच. लागत नाही, दुखत नाही. माझा नातू तर मोबाइलवर एका मॉडेलचा फोटो दाखवून मला म्हणाला, "आजी, हिला यामुळंच काम मिळतं." आमच्या घरात तेव्हा हा शब्दसुद्धा उच्चारायचा नव्हता. माय त्याला "ते" म्हणायची. "ते वाढनं का? दखाड." निझरकडच्या एका वैद्यानं बावचीचं तेल दिलं होतं. ते लावून ताईनं उन्हात बसायचं. मागच्या अंगणात पाय पुढं करून ती बसायची आणि थोड्या वेळानं पायावर फोड यायचे. फोड आले म्हणजे गुण येतोय, असं वैद्य म्हणायचा. एकदा अण्णा दुपारीच घरी आले, तिला तशी बसलेली पाहून उभे राहिले, आणि खांद्यावरचा पंचा काढून तिच्या डोक्यावर टाकून आत निघून गेले. 

पथ्यही होतं. हिवाळ्यात आमच्याकडे कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून भरीत व्हायचं, कांद्याची पात आणि शेंगदाणे घालून, सोबत कळण्याची, ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी. तो खमंग धूर गल्लीभर जायचा. ताईला वांगं बंद. दही बंद, लिंबू बंद, चिंच बंद, मीठ नावाला. आम्ही भरीत ओरपत असताना ती मुगाची अळणी डाळ जेवायची आणि आम्हाला हसवायची. ती फार मोठ्यानं हसायची. घरातलं वर्तमानपत्र तीच मायला वाचून दाखवायची, मधेच एखादी खोटी बातमी घुसवून द्यायची आणि मायला ती खरी वाटली की टाळ्या पिटायची. मला प्रमाण मराठी तिनंच शिकवलं. "घरमा शे, शाळेत आहे. विसरलीस की छडी," असं म्हणायची.

मायला मी तेव्हा दुष्ट समजत होते. ती तशी नव्हती. तिच्या सख्ख्या मावशीला लग्नानंतर कोड फुटलं, तर सासरच्यांनी तिला बैलगाडीत घालून माहेरी आणून सोडलं होतं. गोठ्याशेजारच्या खोलीत ती राहिली, तिचं ताट वेगळं, तिचा तांब्या वेगळा, आणि तिथंच ती गेली. माय लहानपणी तिला भाकरी नेऊन द्यायची, उंबऱ्याबाहेरूनच. ताईच्या पायाकडं बघताना मायला ती खोली दिसत असणार. हे मला फार उशिरा, स्वतःच्या मुली मोठ्या झाल्यावर कळलं.

गढीवर जायच्या आदल्या दिवशी मायनं ताईच्या दोन्ही पायांना मेंदी लावली, घोट्याच्या वरपर्यंत गच्च. रंग एकसारखा दिसेल, असं तिला वाटलं. सकाळी धुतलं तर उजवा पाय तपकिरी आणि डाव्यावरचा पांढरा भाग झेंडूसारखा केशरी. नकाशावर एखादा देश वेगळा रंगवावा तसा. ताई ते बघून हसायला लागली आणि मायनं तिच्या पाठीत धपाटा घातला. मग नवे मोजे निघाले, गव्हाळ रंगाचे, मामानं सुरतेहून आणलेले.

मामाच्या ओळखीच्या माणसाची जीप होती. पुढं अण्णा आणि मामा, मागं माय, ताई आणि मी. मी आठवीत होते आणि मला फक्त गढी बघायची होती. वाटभर माय ताईला सांगत होती. "सावकाश चाल. जास्ती हसू नको. आनि कितलं बी व्हयनं तरी मोजा काढाना नही." ताई खिडकीतून वेचणी झालेली कपाशीची रानं बघत होती. तिनं अंजिरी रंगाची साडी नेसली होती आणि ती इतकी छान दिसत होती, की मी पुन्हापुन्हा तिच्याकडं बघत होते.

गढी गावाच्या मधोमध, उंचवट्यावर. पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, कोपऱ्यांना बुरूज, एका बुरुजाचा वरचा भाग पावसानं खचून खाली आलेला. दरवाजा मात्र शाबूत होता, हत्तीनं धडक देऊ नये म्हणून ठोकलेल्या लोखंडी खिळ्यांसकट. दरवाजातच ती मंडळी उभी होती: मुलगा दिलीप, त्याचे वडील आणि आई. वडील मवाळ, सारखे घड्याळ बघणारे. आई ठसठशीत, नाकात मोठी नथ, बोलणं मोकळं. तिनं ताईच्या हनुवटीला हात लावला आणि म्हणाली, "पोर ते फोटोपेक्षा बरी शे." मायचा जीव भांड्यात पडलेला मला दिसला.

चपला सदरेवर काढायच्या होत्या. तिथला राखणदार, रुमाल बांधलेला एक म्हातारा, आम्हाला लाकडी जिन्यानं वर घेऊन गेला. माझ्यासाठी तो जिना म्हणजे जादूच होती. वर लांबच लांब दालन, सागवानी खांब, आणि भिंतीकडेनं काचेच्या पेट्या. तलवारी, जंबिये, सुलतानी काळातली झिजलेली नाणी, वेशीच्या दरवाजाचं हातभर लांब कुलूप. दगडी वजनं. एका कोपऱ्यात पेंढा भरलेला बिबट्या, त्याच्या पोटाची शिवण उसवलेली. तापीला महापूर आला तेव्हाचा फोटो होता: बाजारपेठेत पाणी, दुकानांच्या पत्र्यांवर बसलेली माणसं, आणि एका पत्र्यावर शेळीसुद्धा. जिनिंग कारखान्याचा फोटो, पहिल्या नगरपालिकेचा फोटो, फेटेच फेटे. म्हातारा एकेका पेटीपुढं थांबून सुरात सांगत होता आणि मी त्याच्या मागं मागं. मोठी माणसं नाण्यांकडं बघत एकमेकांच्या शेतांची चौकशी करत होती.

भिंतीवर कापडावर काढलेला गावाचा जुना नकाशा होता. ताई आणि दिलीप त्याच्यापुढं उभे होते. मी मुद्दाम जवळ जाऊन ऐकलं. तो विचारत होता, पुढं काय करायचा विचार आहे. ताई म्हणाली, शिकवायचं. तो म्हणाला, नंदुरबारला शाळा पुष्कळ आहेत. मग त्यानं नकाशात नदीच्या जागी मासे काढलेले दाखवले आणि म्हणाला, "चित्रकाराला नदीपेक्षा मासे जास्त आवडत असावेत." ताई हसली. मोठ्यानं हसली. मायनं वळून बघितलं, पण दिलीपची आईही हसत होती. मला वाटलं, जमलं. ताईलाही वाटलं होतं. तो आपल्याला आवडला होता, हे तिनं मला खूप वर्षांनी स्वतः सांगितलं, भाजी निवडता निवडता, सहज.

दालनाच्या टोकाला गादीची खोली होती. मधे जुन्या राजांची गादी, वर मखमली छत, आणि तिला लागूनच कोनाड्यात त्या घराण्याची देवी. दाराशी आल्यावर राखणदार थांबला. "मोजा बी काढी ठेवा, माय. आठे देवीनं ठाणं शे." पुरुषांनी मोजे काढले. दिलीपच्या आईनं पदर डोक्यावरून घेतला आणि ताईचा हात धरला. "चाल बेटा, आपुन दोन्ही दर्शन लेऊत."

ताई जागची हलली नाही. तिनं मायकडं बघितलं. मी मायच्या शेजारीच होते. तिचा श्वास मला ऐकू येत होता. माय म्हणाली, "तिले आज चालत नही."

एवढ्या पुरुषांसमोर हे वाक्य. अण्णा नाण्यांच्या पेटीकडं वळले. दिलीपनं मान खाली घातली. आणि त्याच्या आईनं ताईचा हात असा सोडला, जसं काही तिला चटका बसला.

"चालत नही म्हंजे? मंग आज आनीच काब्र तिले? सोयरीकनं शुभ काम, गादीनी जागा, देवी समोर... तुमले इतलं बी समजत नही?"

मामा मधे पडला. "जाऊ द्या, आक्का, पोरीनी जात शे..." पण ती थांबेना. ही अशी इथवर आली, हिनं सगळीकडं हात लावला, आता घरी जाऊन आम्हाला सगळं धुवायचं, असं बरंच काही ती बोलत होती. राखणदार ओशाळून भिंतीला लागून उभा होता. माय "चुकनं, चुकनं" म्हणत होती. आणि त्या गोंधळात ताई शांतपणे उंबऱ्यावर बसली. आधी उजवा मोजा काढला, मग डावा. दोन्ही नीट घडी करून बाजूला ठेवले. मेंदीनं केशरी झालेला तो पाय माडीच्या खिडकीतून आलेल्या उन्हात होता.

"माय खोटं बोलनी," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "मले आज बठ्ठं चालस. मन्हा पायले कोड शे. ते दिसाले नको म्हनीसन ती बोलनी."

मग ती उठली, खोलीत गेली, देवीपुढं डोकं टेकलं आणि बाहेर आली.  दिलीपची आई त्या पायाकडं बघत होती. तिचा राग गेला होता. तिथं दुसरंच काहीतरी आलं होतं, रागाहून वाईट. ती मागं सरकली, एवढी की बिबट्याच्या स्टँडला धडकली. "हाई दखाडाले बलावं व्हतं का आमले?" ती मामाला म्हणाली.  मी दिलीपकडं बघत होते. मला वाटत होतं, मासे दाखवणारा हा माणूस आता काहीतरी बोलेल. तो म्हणाला, "आई, चल." त्याचे वडील जिना उतरताना पुन्हा घड्याळ बघत होते.

गेल्या वर्षी त्या संग्रहालयाचं नवं रूप उघडलं, तेव्हा नणंदेच्या मुलीनं फोटो पाठवले. दिवे, पाट्या, तिकीटखिडकी. बुरूजही बांधून काढलाय. सगळ्या फोटोंत मी ती खोली शोधत होते. ती दिसली नाही. दिसली असती तरी मी तिथं जाणार नाही.

 घरी आल्यावर मायनं दार लावलं, खिडकी लावली, आणि मग ती जी सुरू झाली! "तुन्हं ते गयंच, पन हाई धाकलीनं बी वाटोळं करं तू. आते कोन ई हिन्हासाठे आपला दारमा?" धाकली म्हणजे मी. ताई म्हणाली, "माय, आज नाहीतर लग्नानंतर कळलंच असतं. मग त्यांनी मला कुठं सोडलं असतं?" मायला ते लागलं. तिनं कानांवर हात ठेवले. अण्णा बराच वेळ खाटेवर बसून होते. शेवटी "जेवाले वाढ" एवढंच म्हणाले. त्या दिवशी त्यांच्या गप्प बसण्याचा मला जेवढा राग आला, तेवढा मायच्या ओरडण्याचाही आला नाही.

वसाहतीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. शेजारणी मायशी बोलताना आवाज खाली आणायच्या. आमच्या माठातलं पाणी एका बाईनं घेतलं नाही, "उपास शे" म्हणाली. पाण्याला कसला उपास? आणि अशात, एका दुपारी, दिलीप आमच्या दारात उभा राहिला. एकटाच. बसनं आला होता. माय इतकी गडबडली, की त्याला बसायला सांगायचंही विसरली.

तो इंदूशी बोलायचंय म्हणाला. माय आणि मी दाराच्या आत उभ्या राहिलो. तो सावकाश, तयारी करून आल्यासारखा बोलत होता. "माझी काही हरकत नाही. मी त्या दिवशी बोलायला हवं होतं, बोललो नाही. आईला मी सांगेन, की सुरतेच्या डॉक्टरनं तपासलं, कोड नाही, लहानपणी भाजल्याची खूण आहे. ती माझं ऐकेल. फक्त तुम्ही आता कोणाजवळ काही बोलू नका. आणि चारचौघांत मोजे... तेवढं सांभाळायचं."

मायनं माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले.

ताईनं विचारलं, "आणि वाढलं तर?"

"नाही वाढणार."

"वाढलं तर? हातावर आलं, तोंडावर आलं, तर आईंना काय सांगाल?"

त्यानं समोरचा पेला उचलून पाणी प्यायलं. म्हणाला, "तेव्हाचं तेव्हा बघू."

"तुम्ही आलात, मला बरं वाटलं," ताई म्हणाली. "खरंच बरं वाटलं. पण रोज उठून कोणापासून तरी पाय लपवायचा, हे मी इथं करतेच आहे. तिथं येऊन तेच करायचं, तर मी येत नाही."

तो वाईट माणूस नव्हता. जाताना त्याचे डोळे भरलेले मी पाहिले. माय त्याच्या मागं फाटकापर्यंत गेली, त्याला काय काय म्हणत, आणि परत आली ती ताईच्या पायाशी बसली, तिच्या पायांवर डोकं आपटत, "हो म्हन, माय, एकदाव हो म्हन." आपल्या आईला आपल्या पाया पडताना बघणं ताईला कसं झालं असेल? ती मायला उठवत होती आणि रडत होती, पण हो म्हणाली नाही. त्यानंतर माय तिच्याशी बोलेनाशी झाली. ताट वाढायची, कपडे धुवायची, औषध मात्र बंद झालं. ताईनं डी.एड. केलं आणि धडगावकडच्या डोंगरात एका आश्रमशाळेत तिला नोकरी लागली. ती सुट्टीत यायची, आणि दर सुट्टीत तिच्या अंगावरचा पांढरा भाग थोडा पुढं गेलेला असायचा. हात, मान, मग ओठांची कड. मोजे तिनं सोडून दिले होते.

पुढं माझ्या लग्नाचं निघालं. स्थळं येत आणि चौकशी करून परत जात. एक स्थळ तयार झालं, तेव्हा त्यांच्या दोन बायका मला आतल्या खोलीत घेऊन गेल्या, दाराला कडी लावली आणि साडी उतरवायला सांगितली. खिडकीजवळ उभं करून, हात वर करायला लावून त्यांनी मला बघितलं. पाठ, पोट, मांड्या, केसांतली त्वचासुद्धा. माय दाराबाहेर उभी होती. मी बाहेर आले तेव्हा ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "व्हयनं. पसंत शे." त्या मुलाशी माझं लग्न ठरलं. त्या खोलीबद्दल मी नवऱ्याला कधी विचारलं नाही, त्याला माहीत होतं की नाही हे मला आजही ठाऊक नाही.

लग्नाआधी मायनं ताईला निरोप पाठवला. लग्न होऊन जाऊ दे, मग ये. मांडवात लोकांच्या नजरा नकोत, धाकटीचं नीट पार पडू दे. ताईनं उलट निरोप दिला, बरं. मला हे हळदीच्या दिवशी कळलं. मी मायशी भांडले, पण हळदीच्या अंगानं किती भांडणार? भोवती बायका गाणी म्हणत होत्या. मी रडतेय ते सासरी जायचं म्हणून, असं सगळ्यांना वाटलं.

लग्न कळसाडीला होतं. सकाळी उठले तर अण्णा दिसेनात. वऱ्हाड आलं, फराळ झाला, तरी अण्णा नाहीत. मोटारसायकलही नव्हती. वराचे वडील मामाला सारखे विचारत होते, याही, म्हणजे अण्णा, कुठं आहेत, आणि मामा कधी आचाऱ्याचं, कधी भटजींचं नाव सांगत होता. मुहूर्त आला, मुलीचा बाप नाही. मी मुंडावळ्या बांधून आतल्या खोलीत बसले होते. बाहेर आवाज चढायला लागले. आणि मग मोटारसायकलचा आवाज आला.

मी खिडकीतून बघितलं. अण्णांचा सदरा घाटातल्या धुळीनं लाल झाला होता. मागं ताई, शाळेत जायची साधी साडी, हातात पिशवी. अख्खा मांडव तिच्याकडं बघत होता, तिच्या ओठांकडं, हातांकडं. ती मागं थांबायला लागली तर अण्णांनी तिच्या मनगटाला धरलं आणि तिला थेट वराच्या वडिलांपुढं नेलं. आयुष्यात एवढं सलग बोलताना मी त्यांना तेव्हाच ऐकलं.

"याही, हाई मन्ही मोठी आंडेर. इंदू. वर डोंगरमा मास्तरीन शे. हिन्हा अंगवर कोड शे, ते तुमले लोकेसनी सांगंच व्हई. मी आजपावत गप बसनू, ते मन्हं चुकनं. हाई मांडवमा बसी, बहीणना मांगे उभी ऱ्हाई. तुमले चालत व्हई ते लगीन लागी, नही ते मी धाकलीले बी घर लई जास."

वराचे वडील आधी आपल्या बायकोकडं, मग जमलेल्या लोकांकडं, मग मांडवाबाहेर रटरटणाऱ्या कढयांकडं बघत राहिले. हा मोठ्या मनाचा माणूस होता, असं मी म्हणणार नाही. वऱ्हाड परत नेण्याची लाज त्याला जास्त वाटली असावी. "मुहूर्त टळी ऱ्हायना," तो म्हणाला, आणि भटजींना खूण केली.

ताई माझ्या मागं उभी राहिली. तिचा हात माझ्या खांद्यावर होता. मंगलाष्टकं संपेपर्यंत तो तिथंच होता. अक्षता पडल्या. पंगती उठल्या. मांडवामागं खाटेवर अण्णा आणि ताई बसले होते, एका ताटात जेवत. मी निघायच्या आधी पाया पडायला गेले, तेव्हा माय तिथं येऊन उभी होती. किती वर्षांनी ती ताईशी बोलली, ते मी मोजलेलं नाही.

"कव्हय जाशी परत?"

"सांजनी गाडी शे."

माय पदराचं टोक पिळत राहिली. "ऱ्हाय ना दोन दिन."

"शाळा शे, माय. सुट्टीमा येसू."

आणि त्या उन्हाळ्यात ती खरंच आली, चांगली महिनाभर राहिली. मायनं तिच्याजवळ अंथरूण घातलं, असं अण्णांनी मला नंतर सांगितलं. मी तेव्हा सासरी होते. ताई माहेरी आहे तोवर मला तिकडं पाठवायचं नाही, असं माझ्या सासूनं ठरवलं होतं.